मले आवडली तं?

सुमनकाकूला जाऊन आता दीड वर्ष होईल. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत कुणी तिची आठवण काढली की म्हणतात, बाई वाघीण होती. मीही मान हलवते. सहा वर्षं मी तिच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहिले, वर्ध्यातल्या कॉलेजात शिकवायला होते तेव्हा. तिच्याइतकी घाबरलेली बाई मी दुसरी पाहिलेली नाही. पण हे मला फार उशिरा कळलं.

वस्तीच्या टोकाला तिची दीड एकराची भाजीची वाडी होती. वांगी, टमाटर, मेथी, आणि सांभार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. घरात ती आणि एकुलती पल्लवी. ठेंगणी, काटक, नऊवारी सोडून पाचवारीवर आलेली, आणि नाक एवढं तल्लख की बाजारात बायका खरबूज निवडायला तिच्याकडे आणून द्यायच्या. ती देठाकडून हुंगायची आणि म्हणायची, "हे परवा खाजो. आज नको कापू."

याच नाकामुळे ती वस्तीतल्या दारूबंदी मंडळाची म्होरकी झाली होती. जिल्ह्यात बंदी असली तरी नाल्याकडेला मोहाची हातभट्टी लागायचीच. सडवा, म्हणजे मोहाचं आंबलेलं पाणी, कुठं पुरलंय ते पोलिसांना सापडायचं नाही, काकूला सापडायचं. एकदा मी तिच्यासोबत गेले होते. वीस-बावीस बायका, हातात काठ्या. काकू सगळ्यांच्या पुढे, मान जराशी वर करून चालत होती. एका शेणखताच्या ढिगाऱ्यापाशी ती थांबली आणि काठीनं दाखवलं. खालून चार प्लास्टिकच्या कॅन निघाल्या.

त्या भट्टीवाल्याचं नाव मारोती. पुढच्या आठवडी बाजारात तो तिच्या भाजीच्या पालापुढे येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "काकू, तुही पोरगी कॉलेजले कोनत्या रस्त्यानं जाते, मले मालूम हाये."

काकूनं मेथीच्या जुडीवर पाणी शिंपडणं थांबवलं नाही. "मालूम हाये तं बरं हाये. अंधार पडला का तूच आनून सोडत जाय."

बायका हसल्या. तो निघून गेला. वाघीण म्हणतात ते यासाठीच.

पण त्या दिवशी भट्टी फोडून आल्यावर मी वरून पाहिलं होतं. काकू मोरीपाशी उकिडवी बसून हात धूत होती. साबण लावून, मग राखेनं, मग पुन्हा साबणानं. कोपरापर्यंत कातडी लाल झाली होती. मला वाटलं, मारोतीची भीती असेल.

आणखीही काही गोष्टी होत्या, ज्यांचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मी तिच्या गुडघ्यासाठी होमिओपॅथीचं औषध आणलं, तर तिनं बाटलीचं बूच काढलं, एकदाच वास घेतला आणि परत माझ्या हातात दिली. "माहे गुडघे दुखू द्या." खोकल्याचं औषध ती घेत नसे. जास्त पिकलेला आंबा खात नसे. एकदा उन्हाळ्यात माझं इडलीचं पीठ फसफसून डब्याबाहेर आलं, तर माझं न ऐकता तिनं अख्खा डबा नेऊन खताच्या खड्ड्यात उपडा केला. मग संध्याकाळी स्वतःच डाळ-तांदळाची खिचडी घेऊन वर आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "फसफसलेलं मले घरात नको, मॅडम. राग नोका मानू."

तिचं माहेर आष्टीकडचं. बापाविषयी ती फक्त एकदा बोलली. बापाचं नाकही असंच होतं. डोळे बांधून त्याच्यापुढे पेला धरायचे, आणि कोणत्या गावची मोहाची ते तो सांगायचा. लोक टाळ्या वाजवायचे. "मी लहान होती, मीबी वाजवो," ती म्हणाली. चाळिशी गाठायच्या आधीच तो गेला. नवराही त्याच वाटेनं गेला. हे सांगताना तिच्या आवाजात राग होता, आणि मी तो रागच धरून बसले.

पल्लवी हुशार निघाली. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन एमएस्सी झाली आणि नाशिकला नोकरीला लागली. कसली नोकरी, तर "ज्यूस कंपनी". काकूनं वस्तीत पेढे वाटले. खरं काय ते पल्लवीनं मला जाताना जिन्यात सांगितलं होतं. द्राक्षाची वाइन बनवणारी कंपनी होती आणि हिचं काम तिथल्या प्रयोगशाळेत, टाक्यांतला रस आंबताना त्याच्यावर लक्ष ठेवायचं. "आईले नका सांगू, ताई. मी सांगतो कधीतरी." मी गप्प राहिले. त्याचं मला आजही बरं वाटत नाही.

त्या दिवाळीत पल्लवी घरी आली. काकूनं तिचं जॅकेट धुवायला उचललं, सवयीनं नाकापाशी नेलं, आणि तशीच उभी राहिली. मी खाली फराळाच्या ताटल्या पुसत होते.

"पल्लवी, हे मोहाचं नोहे," ती म्हणाली. "पन सडवाच हाये. कायचा?"

पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "द्राक्षाचा, आई."

पण पोरगी तिथंच थांबली नाही. तिनं बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेली बाटली काढली. "हे माह्या हातची हाये. मी लक्ष ठेवलेली पहिली टाकी. तुले दाखवाले आनली."

बंदीच्या जिल्ह्यात, दारूबंदी मंडळाच्या म्होरकीच्या घरात, दिवाळीच्या दिवशी. काकूनं आधी खिडक्या लावल्या. "मॅडम, दार लावा." आवाज इतका बारीक की मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. चार वाजता मंडळाच्या बायका फराळाला यायच्या होत्या आणि साडेतीन झाले होते.

काकूनं बाटली पिठाच्या कोठीत घातली. काढली. गाद्यांच्या चळतीत घातली. काढली. घरभर ती बाटली छातीशी धरून फिरत होती आणि पुटपुटत होती, "दुसऱ्यायच्या घरातल्या लपवाच्या सगळ्या जागा मले मालूम हायेत. म्हनून माह्या घरात मले एकबी जागा सापडून नाई राह्यली." शेवटी तांदळाच्या पिंपात खोल खुपसली आणि झाकण लावलं, तोच बाहेर चपला वाजल्या.

चंद्रकला म्हणून तिची जुनी सोबतीण होती. वीस वर्षं दोघी बरोबरीनं काठी घेऊन हिंडलेल्या. चंद्रकला आली आणि नेमकी त्याच पिंपाला पाठ टेकून बसली. चिवडा खाता खाता बोटांनी पिंपावर ताल धरत होती. काकूची नजर त्या बोटांवर, हातातली ताटली कलली. लाडू घरंगळून खाली पडला.

"सुमन, तुले ताप हाये का व?" चंद्रकलेनं तिच्या कपाळाला हात लावला. "आंग कसं थंडगार पडलं!"

"झोप नाई झाली," काकू म्हणाली. मी तिला खोटं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

बायका गेल्यावर तिनं बाटली काढली, पल्लवीला उघडायला लावली आणि मोरीत फिनाईल टाकून त्यावर ओतायला सुरुवात केली. पल्लवी भिंतीला टेकून रडत होती. अर्धी ओतून झाल्यावर काकूचा हात थांबला. ती वाकली. बाटलीचं तोंड नाकापाशी नेलं.

"वास वाईट नाई," ती म्हणाली. आणि चटका बसल्यासारखी उरलेली भसाभस ओतून मोकळी झाली.

दिवाळी संपायच्या आधीच पल्लवी परत गेली. दोन महिने मायलेकी फोनवर फक्त जेवली का, झोपली का एवढंच बोलत होत्या. मग संक्रांतीनंतर एका दुपारी काकू जिना चढून वर आली. गुडघ्यांमुळे ती अलीकडे वर येत नसे.

"मॅडम, माह्यासंगं नाशिकले येता का? थे काय हाये, मले पाहाचं हाये. पोरगी दिवसभर काय हुंगते, काय चाखते, माय म्हनून मले मालूम पाह्यजे."

"येते की. पण एकट्या जायला भीती कशाची? तिथं काही बंदी नाही."

ती पलंगाच्या कडेवर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "बंदीचं नाई व भेव. मारोतीचंबी नाई." मग म्हणाली, "मले आवडली तं?"

तेव्हा मला तिचे ते लाल झालेले हात कळले, स्पिरिटचा वास येणारी होमिओपॅथीची बाटली कळली, खताच्या खड्ड्यातलं पीठ कळलं. बापाचं नाक तिला आलं होतं. नाकाबरोबर आणखी काय आलंय, हे तिनं आयुष्यभर तपासून पाहिलं नव्हतं. आणि तेच नाक पुढं पल्लवीला गेलं होतं.

आम्ही गेलो. पल्लवीची एक खोली आणि स्वयंपाकघर, मागे छोटी गॅलरी. काकूनं वर्ध्याहून वाडीतला सांभार ओल्या फडक्यात बांधून आणला होता, वांगी आणली होती, बेसन, तीळ, वाटलेला मसाला. रविवारी सकाळपासून ती शेगडीपाशी होती. सांभारवड्या तळल्या, पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, झणझणीत रस्सा केला, गॅसवर वांगी भाजून भरीत केलं. मला वाटतं, हाताला काम असलं की तिची भीती जरा कमी व्हायची.

पल्लवीनं तीन बाटल्या मांडल्या. तिच्याकडे दोनच पेले होते, म्हणून मी चहाच्या कपात घेतली. मीही त्याआधी कधी चाखली नव्हती. पल्लवी आम्हाला वर्गात शिकवावं तसं शिकवत होती. पेला खालच्या बारीक दांडीला धरायचा. थोडीच घ्यायची. आधी वास, मग एवढासा घोट, तोंडात फिरवायचा, आणि नको असेल तर थुंकायचं. तिथं कामावर सगळे थुंकतातच. तिनं आईपुढे स्टीलचं पातेलं ठेवलं.

पहिली पांढरी, अजिबात गोड नसलेली. काकूनं डोळे मिटले. "कच्चा पेरू," ती म्हणाली. "अन् टमाटराच्या झाडाले हात लागला का बोटाले येते ना, थो वास."

पल्लवी हातातली वडी तशीच धरून बघत राहिली. "आई, हे शोधाले मले तीन महिने लागले होते. साहेबानं टमाटराचा पाला आनून हुंगवला तेव्हा समजलं."

काकूच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते कौतुक ऐकल्याचं सुख होतं. आणि लगेच ते विझलं. टाळ्या तिच्या कानात वाजल्या असाव्यात.

घोट घेतला तो तिनं पातेल्यात थुंकला. पल्लवी म्हणाली, "आता वडीसंगं पाह्य." सांभारवडीचा घास आणि वर तो पांढरा, आंबटसर घोट. मी खाल्लं आणि खरंच सांगते, तळणीचा तेलकटपणा कुठल्या कुठे गेला आणि सांभार जिभेवर नव्यानं हिरवा झाला. मी उत्साहानं दुसरी वडी घेतली. मग मीच आगाऊपणा करून पाटोडीच्या रश्श्यावर लाल वाइन घेतली. तोंडात नुसता जाळ झाला, डोळ्यांत पाणी आलं. पल्लवी हसायला लागली. "तिखटावर लाल नाई, ताई. तिखटाले हे." तिनं थंडगार, किंचित गोडसर पांढरी दिली. आग विझली. लाल तिनं भरतासोबत दिली. भाजल्या वांग्याचा धुरकट वास आणि त्या वाइनचा मिऱ्यांसारखा वास एकमेकांत मिसळून गेले.

काकू हे सगळं बघत होती. मग तिनं भाकरीच्या तुकड्यावर भरीत घेतलं, खाल्लं, लाल वाइनचा घोट घेतला. पातेलं जवळ ओढलं. तिचे गाल जरासे फुगलेले, डोळे पातेल्यावर. मग तिचा गळा हलला.

तिनं पेला खाली ठेवला. चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. उठली आणि गॅलरीत जाऊन कठडा धरून उभी राहिली. आम्ही मागोमाग गेलो.

"आवडली," ती म्हणाली. आमच्याकडे न बघता. "माह्या बापाले पहिल्या दिवशी अशीच लागली असन."

पल्लवीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. काकूनं तो घट्ट धरला, इतका की पल्लवी कळवळली.

आम्ही चार दिवस राहिलो. उरलेली लाल बाटली काकूनं फ्रिजमध्ये ठेवायला लावली. रोज दुपारी पल्लवी कामावर असताना ती फ्रिज उघडायची, बाटलीकडे बघत उभी राहायची, आणि बंद करायची. पाहत होती ती, हात जातो का. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मॅडम, हात नाई जात. पन ध्यान जाते. सकाळी उठल्या उठल्या गेलं."

चौथ्या दिवशी रात्रीच्या जेवणात तिनं स्वतः बाटली काढली, प्रत्येकीला दोन घोट दिले, स्वतः घेतले, आणि बाकीची ओतून दिली. मग मुलीला विचारलं, "तुले थांबता येते?"

"आतापावेतो येते, आई." पल्लवी खोटं बोलली नाही. "मीबी रोज पाहतो."

"मंग ऐक. ताटासंगं घेतली तं तू तिले पेते. ताटाबिगर घेतली तं थे तुले पेते. घास नसन तं घोट नाई. मले वचन दे."

पल्लवीनं दिलं.

वर्ध्याला परत आल्यावर काकूनं मंडळाची बैठक बोलावली आणि सगळं सांगून टाकलं. पोरगी कुठं काम करते, आपण काय चाखलं, आपल्याला ते आवडलं. कुणी विचारलं नव्हतं. मी दारात उभी होते आणि मला वाटत होतं, काकू, थांबा, एवढं नका सांगू. पण भीतीला ती एकच उपाय ओळखायची, तिच्या अंगावर चालून जायचं.

चंद्रकला उठली. "माह्या नवऱ्याचं मडकं तूनं माह्यादेखत फोडलं, सुमन. अन् आता तुही पोरगी त्याचाच पगार खाते?"

"खाते," काकू म्हणाली. "म्हनून काठी आता तू धर."

तिनं काठी भिंतीला टेकवली आणि घरी आली. चंद्रकला वर्षभर तिच्याशी बोलली नाही. बाजारात मारोती मोठ्यानं विचारायचा, "काकू, नाशिकचा माल कवा येते व?" ती खाली बघून मेथी निवडायची.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी पल्लवीचा फोन आला. मी खालीच होते. काकूनं फोन कानाला लावला आणि भिंत धरून हळूहळू खाली बसली. पल्लवीचा आवाज मलाही ऐकू येत होता. "आई, काल कामावरून आली अन् एकटीच बसली. भूक नव्हती. नुसतीच घेतली. बाटली सरली, आई. मले समजलंच नाई कवा सरली. मले लय भेव लागून राह्यलं."

काकू रागावली नाही, रडली नाही. "मी येतो," एवढंच म्हणाली. दुपारपर्यंत तिनं वाडी दिराच्या हवाली केली, घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि संध्याकाळच्या गाडीत एकटी बसली. पुन्हा सिंदी मेघेत ती राहायला आलीच नाही. नाशिकलाच, सव्वा वर्षानं, पहाटे छातीत कळ येऊन गेली. कळवल्यावर सगळ्यांत आधी चंद्रकला वाडीत जाऊन बसली, ती दिवसभर उठली नाही.

पल्लवी आजही तिथंच काम करते. ठीक आहे. पंधरवड्याला फोन करते आणि मी न विचारता सांगते, "ताई, ताटाबिगर नाई." मी बरं म्हणते, आणि फोन ठेवल्यावर काही वेळ माझं मन लागत नाही.

काकूला मी शेवटचं पाहिलं ते तिच्या जाण्याआधी दोन महिने. मी एका कार्यशाळेसाठी नाशिकला गेले होते. पल्लवीनं सांगितलं, आई दुपारी कंपनीच्या फाटकावरच भेटेल. गेले तर खरंच, पिंपळाच्या सावलीत काकू उभी होती, हातात तीनपुडी डबा. रोज दोन बस बदलून ती यायची. सकाळी अकराला कंपनीत चाखायचं काम चालतं, ते संपलं की पल्लवीला जेवणाची सुट्टी, आणि काकू डबा घेऊन हजर. उन्हानं काळवंडली होती, वाळली होती. मला बघून आनंदली. वर्ध्याच्या वांग्यांचा भाव विचारला, माझ्या तब्येतीचं विचारलं. पण विचारताना नजर फाटकावरून हटत नव्हती.

भोंगा झाला. माणसं बाहेर यायला लागली. आतल्या लांब, सरळ रस्त्यावर पल्लवी येताना दिसली. तिनं आम्हाला पाहून हात हलवला, मीही हलवला. काकूनं हलवला नाही. ती लेकीच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती तिची पावलं बघत होती, एकेक, पडतंय कसं आणि उचलतंय कसं, आणि डब्याच्या कडीवरची तिची बोटं पांढरी झाली होती.

पल्लवी फाटकापाशी पोचली. सरळ चालत आली होती. काकूनं श्वास सोडला आणि पिंपळाच्या ओट्यावर फडकं अंथरून ताट वाढायला घेतलं.